पैसा गावाचा, मत कुणाचं?

जांब समर्थ हे जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातलं गाव, समर्थ रामदासांचं जन्मगाव. रामनवमीच्या दिवसांत इथं आलं की समर्थांच्या लग्नाची गोष्ट हमखास कानावर पडते. बोहल्यावर उभ्या राहिलेल्या लहानग्या नारायणानं 'सावधान' हा शब्द ऐकला, तो खरोखरच सावध झाला आणि मंडपातून निघून गेला. ही गोष्ट आपण सगळ्यांनीच शाळेत ऐकलेली आहे. मागे या भागातल्या एका शिबिरात ती पुन्हा निघाली, तेव्हा मागच्या रांगेत बसलेल्या एका आजींनी विचारलं, "आन् अंतरपाटाच्या पल्याड उभी व्हती ती पोर? तिचं काय झालं?" कुणालाच उत्तर देता आलं नाही.

'सावधान' हा शब्द दोघांसाठी असतो. पण तो ऐकून पाऊल उचलण्याची मुभा एकालाच होती. दुसरीला मुंडावळ्या बांधून उभं केलेलं होतं आणि तिच्या वतीनं इतरांनी होकार दिलेला होता. समर्थांच्याच परंपरेत पुढे वेणाबाईंसारखी बालविधवा कीर्तनाला उभी राहिली, मिरजेचा मठ तिनं सांभाळला, हेही आपण विसरू नये. संधी मिळाली तिथं बाई उभी राहिली आहे. प्रश्न नेहमी संधीचा असतो.

ही गोष्ट आज आठवण्याचं कारण लग्न नाही, ग्रामसभा आहे. गावात रस्ता व्हावा की गटार, सभामंडप की पाण्याची टाकी, दिवे की संडास, हे ठरवताना अंतरपाटाच्या पलीकडे आजही अर्धं गाव मुकाट उभं असतं. तिच्या वतीनं होकार दिलेला असतो आणि वहीत तिची सहीसुद्धा असते.

ही सही मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हे त्या एका गावाचं दुखणं नव्हे. एका ओसरीवर आम्ही चौघीजणी बसलो होतो. घरातली बाई तूर पाखडत होती. पंचायतीचा शिपाई वही घेऊन आला आणि म्हणाला, "काकू, इथं सही करा." काकूंनी हात पदराला पुसले आणि सही करून दिली. शिपाई निघून गेल्यावर मी विचारलं, कशाची सही होती? काकू म्हणाल्या, "आसंल कायतरी. दर साली येतो त्यो." मी त्याच्या मागे जाऊन वही पाहिली. वर लिहिलेलं होतं, 'महिला सभा'. तारीख आदल्या दिवसाची होती. सभेला हजर म्हणून काकूंसकट गल्लीतल्या सगळ्या बायकांची नावं होती, आणि 'सर्वानुमते मंजूर' असा शेरा ठरावाखाली आधीच लिहून ठेवलेला होता.

मैत्रिणींनो, या वहीची चीड येणं सोपं आहे. पण चिडून वही फाटत नाही. ही वही कुठून आली आणि तिच्यामागे किती मोठा हक्क दडवलेला आहे, ते आधी समजून घेऊ.

कायदा काय देतो

त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. पंचायतीत एकतृतीयांश जागा बायकांना मिळाल्या. महाराष्ट्रात २०११ साली त्या निम्म्या झाल्या. त्या काळात आपल्या चळवळीत मोठी चर्चा झाली होती. निवडून आलेली बाई सहीपुरती राहील, कारभार नवराच करील, असं अनेकांचं म्हणणं होतं. तसं झालंही. आणि तसं न झालेल्या, भांडून कारभार हातात घेतलेल्या सरपंच बायाही आपण पाहिल्या. पण या सगळ्या चर्चेत आपलं लक्ष खुर्चीवर राहिलं. खुर्चीसमोर जी सतरंजी अंथरलेली असते, तिच्यावर कोण बसतं याकडे आपण कमी पाहिलं.

महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यात २००३ साली दुरुस्ती झाली आणि प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी गावातल्या महिला मतदारांची वेगळी सभा घेणं बंधनकारक झालं. वर्षाला किमान चार ग्रामसभा, म्हणजे किमान चार महिला सभा. ग्रामसभेच्या गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांतली कमी असेल ती संख्या लागते. ती न भरल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. ही शेवटची ओळ नीट लक्षात ठेवा. गावाचे किती तरी मोठे निर्णय या एका ओळीच्या आडोशानं पाचपन्नास माणसांत होऊन जातात.

आता पैसा. २०१५-१६ पासून चौदाव्या वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येऊ लागला. 'आमचं गाव, आमचा विकास' या नावानं गावानं स्वतःचा आराखडा स्वतः करायचा, असं राज्यानं ठरवलं. पंधराव्या आयोगाच्या काळात महाराष्ट्रात या निधीतला ८० टक्के वाटा ग्रामपंचायतींना आणि प्रत्येकी १० टक्के वाटा पंचायत समिती व जिल्हा परिषदेला ठरला. २०२१-२२ ते २०२५-२६ या वर्षांसाठी त्यातला ६० टक्के पैसा 'बंधित' होता, म्हणजे तो पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचा. उरलेला ४० टक्के 'अबंधित', म्हणजे गाव म्हणेल त्या कामाला. फक्त पगार आणि कार्यालयाचा खर्च त्यातून भागवायचा नाही. सोळाव्या आयोगाची पाच वर्षं १ एप्रिल २०२६ पासूनची आहेत. याशिवाय पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के हिस्सा महिला व बालकल्याणासाठी राखायचा असतो. या दहा टक्क्यांचं काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. शिलाई मशीन, पिको-फॉलचं प्रशिक्षण, हळदीकुंकवाचा कार्यक्रम. बाई म्हटली की शिलाई मशीन, यापुढे कारभाऱ्यांची कल्पनाशक्ती जात नाही. आणि आपणही दहा टक्क्यांवर बोट ठेवून भांडत बसतो, तेव्हा उरलेले नव्वद टक्के बाप्यांचेच, हे नकळत मान्य करून टाकतो.

म्हणजे हक्क आहे, पैसा आहे, सभाही आहे. मग अडतं कुठं?

हात वर होत नाही तो का?

सभेत ठराव येतो, 'मंजूर आहे ना?' असं विचारलं जातं आणि हात वर होतात. हे हात वर करणं किती अवघड आहे, ते समाजकार्याच्या वर्गात आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. समोर सासरा बसलेला, बाजूला दीर, खुर्चीवर भावकीतलाच सरपंच. ज्याच्या शेतात उद्या खुरपायला जायचं तो मालकही तिथंच. सभामंडपाच्या विरोधात हात वर केला तर रात्री घरी काय होईल, याचा हिशेब बाई आधी करते. मग ती डोक्यावरचा पदर पुढे ओढते आणि हात मांडीवरच ठेवते. त्याला आपण 'महिलांमध्ये जागृती नाही' असं म्हणतो. तिला सगळी जाण आहे. म्हणूनच ती हात वर करत नाही.

इथे मला आडव्या बाटलीची आठवण होते. दारूचं दुकान बंद करण्यासाठी महाराष्ट्रातल्या बायकांनी मोठा लढा दिला आणि त्यातून मतदानाची रीत पदरात पाडून घेतली. २००८ च्या आदेशाप्रमाणे पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली की रीतसर गुप्त मतदान घ्यावं लागतं. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चित्रं असतात. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तर दुकान बंद होतं. अट कडक आहे. जी मतदानाला येऊ शकली नाही ती दुकानाच्या बाजूनं धरली जाते. तरीही गावोगावच्या बायकांनी ही मतदानं जिंकून दाखवली. निरक्षर बाईला चित्र कळलं. नवऱ्याला न कळता तिला शिक्का मारता आला.

म्हणजे पाहा. दारूचं दुकान बंद करायचं तर बाईला गुप्त मतदान आहे. पण गावाच्या पैशातून पाण्याची टाकी हवी असेल तर सासऱ्यादेखत हात वर करायचा. बाईचं मत घ्यायची रीत आपल्याकडे आहे, ती चालते हे सिद्धही झालेलं आहे. ती गावाच्या पैशाला का लावायची नाही? पैशाच्या बाबतीत तिला विचारलं तर काय बाहेर येईल, याची भीती कुणाला वाटते?

दाण्यांचं मतदान

आम्ही एका गावात हा प्रयोग करून पाहिला. सरकारी नव्हे, आमच्या शिबिरापुरता. समाजमंदिराच्या ओट्यावर सात मडकी मांडली. प्रत्येकावर एक चित्र चिकटवलं: नळ, गटार, रस्ता, विजेचा खांब, संडास, अंगणवाडी, सभामंडप. मध्ये जुन्या साडीचा पडदा लावला. प्रत्येकीच्या हातात तुरीचे तीन दाणे दिले. आत जायचं, हव्या त्या मडक्यांत दाणे टाकायचे आणि बाहेर यायचं. तिन्ही एकाच मडक्यात टाकले तरी चालतील. नंतर पुरुषांनाही तसंच बोलावलं.

खरं सांगते, निकाल काय लागणार हे मी मनात आधीच लिहून ठेवलं होतं. बायका नळाला आणि संडासाला दाणे देणार, पुरुष रस्त्याला आणि सभामंडपाला. माझ्या अहवालाचा मथळासुद्धा तयार होता. पण बायकांची मडकी उपडी केली तेव्हा नळाच्या खालोखाल ढीग निघाला तो सभामंडपाचा.

मला रागच आला. एवढी शिबिरं घेतली, एवढी गाणी म्हटली आणि शेवटी देवळाचा मंडप! मी तसं बोलूनही दाखवलं. तेव्हा एक मावशी शांतपणे म्हणाल्या, "ताई, तुमी हापिसात बसता, बाप्ये पारावर बसतेत, पोरं हॉटेलात बसतेत. आमी कुठं बसावं? देवळात गेलं तर कुणी इचारत न्हाई, का आलीस म्हणून. पावसात तिथं बी बसाया जागा न्हाई."

मी गप्प झाले. मला देव दिसला होता. त्यांना बसायला हक्काची जागा दिसत होती. मग त्यावर खूप वेळ बोलणं झालं. देवळाच्या मंडपात सगळ्याजणींना बसता येईल का, असं दलित वस्तीतल्या एकीनं विचारलं आणि पुन्हा शांतता पसरली. मग पाळीच्या दिवसांचं काय, असं दुसरीनं विचारलं. शेख भाभी हसून म्हणाल्या, "और मैं? मी बाहेरच्या पायरीवर बसू का?" शेवटी बोलता बोलता एक वेगळीच मागणी तयार झाली, जी आमच्या सातही चित्रांत नव्हती. बायकांना बसायला एक खोली हवी. तिला नळ आणि संडास हवा. बचतगटाची पेटी ठेवायला कपाट हवं. आणि किल्ली बायकांकडे हवी.

त्या दिवशी मी दोन गोष्टी शिकले. एक, मत घेण्याआधी बोलणं व्हायला हवं, नाहीतर आपण दिलेल्या चित्रांतूनच बाई निवडते आणि चित्रं मात्र आपली असतात. दोन, बाईचं मत म्हणजे कार्यकर्तीचं मत नव्हे. आपणही तिच्या वतीनं होकार देणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसतो, फक्त आपल्या हातात वहीऐवजी अहवाल असतो.

ज्या गावात नाहीत त्यांचं मत

दाण्यांच्या त्या मतदानात आणखी एक मोठी चूक होती. ती आमच्या लक्षात आली तेव्हा शिबिर संपलेलं होतं. आम्ही ते डिसेंबरात घेतलं होतं.

२०१८ पासून गावाचे आराखडे करायची देशभरची मोहीम २ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर या काळात सुरू झाली. कागदावर काळ सोयीचा आहे, कारण एप्रिलमध्ये नवं आर्थिक वर्ष सुरू होतं. पण घनसावंगी, अंबड, परतूर, मंठा या भागाला तो सोयीचा नाही, आणि शेजारच्या बीड जिल्ह्याला तर नाहीच. दसरा-दिवाळी झाली की इथल्या वस्त्या रिकाम्या होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला नवराबायकोचा 'कोयता' कारखान्याच्या फडावर जातो तो उन्हाळा लागल्यावरच परततो. पाण्यासाठी जी सर्वांत लांब चालते, जिच्या वस्तीत दिवा नाही, संडास नाही, तीच बाई आराखड्याच्या वेळी दोनशे-तीनशे किलोमीटरवर पाचटाच्या कोपीत असते. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. तेव्हा आपण सगळ्याजणी हादरलो होतो. त्याच बायकांच्या वस्तीचा आराखडा त्यांच्या माघारी होतो, याबद्दल मात्र आपण कधी निवेदन दिलं नाही.

मागे उरतात म्हाताऱ्या आणि शाळेतली पोरं. ग्रामसभेत त्या वस्तीचा विषय निघालाच तर 'ते लोक गावात राहतच नाहीत' असं ऐकायला मिळतं. मतदार यादीत त्यांचं नाव असतं. निवडणुकीला गाडी पाठवून त्यांना आणलं जातं. आराखड्याला कुणी गाडी पाठवत नाही.

इतरांनी काय केलं

लोकांनी पैसा कुठं खर्चायचा ते ठरवण्याचे प्रयोग इतरत्रही झाले आहेत. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ पासून वस्त्यावस्त्यांच्या सभा भरू लागल्या आणि नगरपालिकेच्या बांधकामाचा पैसा आधी कुठं जाईल ते लोक मतानं ठरवू लागले. गटारं आणि पाणी गरीब वस्त्यांत पोचलं. पुढे सत्ताधारी बदलले तशी ही प्रक्रिया खचत गेली. जी गोष्ट सत्ताधाऱ्यांच्या मर्जीवर उभी असते ती मर्जीबरोबर जाते, हा धडा तिथून घ्यावा.

केरळात १९९६ साली लोकनियोजनाची मोहीम सुरू झाली. राज्याच्या योजनेतला एकतृतीयांशाहून मोठा हिस्सा स्थानिक संस्थांकडे गेला आणि त्यातला दहा टक्के भाग स्त्रियांच्या योजनेसाठी बांधून दिला गेला. तिथं आधी वस्तीपातळीवर छोट्या गटांत चर्चा व्हायची आणि मग मोठी सभा. मोठ्या सभेत न बोलणारी बाई छोट्या गटात बोलते, हे तर आपल्यालाही बचतगटांतून माहीत आहे.

आपल्या पुण्यात २००६-०७ पासून महापालिका नागरिकांकडून कामं सुचवून घेते आणि त्यांतली काही अंदाजपत्रकात धरते. चांगली सुरुवात होती. पण त्यात मतदान नाही. अर्ज भरायचा, क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा आणि पुढचा निर्णय प्रभाग समितीचा. ज्याला अर्ज लिहिता येतो आणि कार्यालयात खेटे घालायला वेळ आहे, त्याचं पदपथाचं, बाकड्याचं काम पुढे सरकतं. चार घरची धुणीभांडी करणारी बाई तिथं कधी पोचणार? २०२२ नंतर काही वर्षं राज्यातल्या बहुतेक महापालिका आणि जिल्हा परिषदा निवडणुकांवाचून प्रशासकांच्या हाती होत्या. त्या काळात तर निवडून दिलेल्या माणसाला जाब विचारण्याचीही सोय उरली नाही.

आणि आपल्याच मातीतलं विटनेर आठवा. जळगाव जिल्ह्यातल्या या गावात १९८९ च्या निवडणुकीत शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीनं सगळी ग्रामपंचायत बायकांची निवडून आणली. पुढे लक्ष्मीमुक्तीच्या आंदोलनात त्या गावातल्या पुरुषांनी बायकांच्या नावे जमिनी केल्या. कारभार हाती आला तेव्हा मालमत्तेचाही प्रश्न निघाला, हा क्रम महत्त्वाचा आहे. गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) मतदान न घेता सर्वसहमतीनं निर्णय करतं. एकाचाही विरोध असेल तर थांबायचं, पुन्हा बोलायचं. जिथं गाव एका समाजाचं, लहानसं आहे, तिथं ही रीत सुंदर चालते. पण जिथं गावात जातीच्या भिंती आहेत, तिथं 'सर्वानुमते' हा शब्द बहुतेक वेळा गप्प बसवलेल्यांच्या जिवावर लिहिला जातो. त्या वहीतला शेरा आठवा.

मतदान पुरेसं आहे का?

मग गुप्त मतदान घेतलं की सगळं झालं का? नाही. हे आपण स्वतःला स्पष्ट सांगायला हवं. मतदानात ज्यांची घरं जास्त त्यांचं काम आधी होतं. दलित वस्तीला स्मशानभूमी नाही, पारधी समाजाच्या चार घरांना रस्ता नाही, हे प्रश्न गावाच्या मतदानाला टाकले तर ते दर वर्षी हरतील. गावातल्या सवर्ण बायकांनीही त्यांना मत दिलं नाही तर आश्चर्य वाटायला नको. बाई असल्यानं जात सुटत नाही, हे आपल्या चळवळीला दलित मैत्रिणींनी पुन्हा पुन्हा बजावलं आहे.

म्हणून काही गोष्टी मतापलीकडच्या आहेत. प्रत्येक वस्तीला पिण्याचं पाणी, वापरता येईल असा संडास, रात्री एक दिवा आणि मेलेल्या माणसाला जागा. हे बहुमतानं द्यायचं दान नाही. ते आधी द्यायचं. त्यानंतर उरलेल्या पैशाचं काय करायचं यावर गावानं खुशाल मत द्यावं. हा क्रम उलटा झाला, तर लोकशाहीच्या नावानं जुनाच अन्याय नव्या मतपेटीतून बाहेर येईल.

आपण काय मागायचं

पहिली मागणी काळाची. कोयता गावातून निघण्याआधी, म्हणजे दसऱ्याच्या आत, आराखड्याची महिला सभा झाली पाहिजे. जे परत येतात त्यांच्यासाठी मे महिन्यात झालेल्या कामांचा हिशेब वाचला पाहिजे.

दुसरी, जागेची आणि वेळेची. महिला सभा पंचायतीच्या कार्यालयात सकाळी अकराला ठेवली की मजुरीवरची बाई आपोआप गळते. सभा वस्तीवर, सांजच्याला, भाकरी झाल्यावर घ्यावी. एका मोठ्या सभेआधी प्रत्येक वस्तीत एक छोटी बैठक व्हावी.

तिसरी, हिशेबाची. किती पैसा आला, त्यातला बंधित किती, अबंधित किती, मागच्या वर्षी कशावर खर्च झाला, हे ग्रामसेवकांनी, म्हणजे हल्लीच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी, सभेत मोठ्यानं वाचून दाखवावं. जिला रक्कम ठाऊक नाही तिच्याकडून मागणी नव्हे, विनंती होते.

चौथी, गुप्त मताची. महिला सभेत कामांची निवड चित्रांवर, पडद्याआड व्हावी. दाणे असोत की चिठ्ठ्या. मोजणी तिथंच, सगळ्यांसमोर व्हावी आणि निकाल त्याच वेळी फळ्यावर लिहावा. वही घरोघर फिरवून घेतलेल्या सह्या सभा म्हणून धरू नयेत.

पाचवी, उत्तराची. महिला सभेनं निवडलेलं काम ग्रामसभेनं नाकारलं तर का नाकारलं, हे इतिवृत्तात लिहिलं गेलं पाहिजे. कारण लिहावं लागलं की नाकारणारा हात थोडा तरी थबकतो.

यांतलं काहीही अशक्य नाही. महिला सभेसाठी तर नवा कायदाही लागत नाही. आहे त्या कायद्यातला कागद जमिनीवर आणायचा आहे.

आणि एक मागणी आपल्या स्वतःकडे. संघटना म्हणून आपण अत्याचाराच्या प्रश्नावर धावतो, ते धावलंच पाहिजे. पण अंधारात संडासला जाणाऱ्या बाईवर हात टाकला जातो तेव्हा आपण मोर्चा काढतो, आणि त्या वाटेवर दिवा लावायचा की देवळाला कमान बांधायची हे ठरत असतं तेव्हा आपण त्या सभेत नसतो. अंदाजपत्रक हा रूक्ष विषय वाटतो. आकडे आले की आपल्यातल्या शिकलेल्याही जणी 'ते तुम्ही बघा' म्हणून वही पुरुष कार्यकर्त्याकडे सरकवतात. ही सवय मोडू या. घरात मीठमिरचीचा पैपैचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला गावाचा हिशेब कळणार नाही, असं कुणी सांगितलं?

त्या गावात खोली अजून झालेली नाही. मागणी ग्रामसभेत गेली, पुढच्या सालावर ढकलली गेली. पण त्यानंतर शिपाई वही घेऊन आला तेव्हा काकूंनी सही केली नाही. "सभा कवा हाये ते सांग, म्या येते," असं म्हणाल्या. शिपाई बराच वेळ दारात उभा राहिला आणि मग निघून गेला. आता त्या गल्लीत तो आधी निरोप पाठवतो.

पुढचा अंक आपण याच विषयाला देणार आहोत. आपापल्या गावातून, वॉर्डातून चार गोष्टी पाहून कळवा. शेवटची महिला सभा कोणत्या तारखेला दाखवली आहे आणि ती खरोखर झाली का? त्या दिवशी गावातल्या किती बायका गावाबाहेर मजुरीला होत्या? मागच्या वर्षीच्या आराखड्यातलं कोणतं काम बायकांनी सुचवलेलं होतं? आणि वहीत तुमची स्वतःची सही आहे का? पत्र साधं चालेल, लिहिता येत नसेल तर दुसरीला सांगून लिहवा. मात्र वही स्वतःच्या डोळ्यांनी पाहून मगच लिहा.